तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात निदान करून काय मिळालं?

बेचाळिसाव्या वर्षी ऑटिझमचे, म्हणजे मराठीत ज्याला स्वमग्नता म्हणतात त्याचे, निदान करून घेऊन तुम्हाला नेमके काय मिळाले, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला नातेवाइकांनी विचारला आहे, कामावरच्या सहकाऱ्यांनी विचारला आहे आणि स्वतःबद्दल अशीच शंका असलेल्या अनोळखी माणसांनीही विचारला आहे. ज्यावर औषध नाही त्याचे नाव कळून काय उपयोग, आणि आजवर निभावले तसे पुढेही निभावले असते, असे विचारणाऱ्याला वाटत असते. यांतले पहिले खरे आहे. ऑटिझम ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी घडण आहे आणि ती औषधाने बदलत नाही. दुसरे मात्र खरे नाही, कारण मी निभावत नव्हते.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर इतरांच्या मजकुरातील चुका शोधून समासात खुणा करणे हे माझे काम, आणि ते मला मनापासून आवडते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर हेच काम मी स्वतःवर करत असे. चहाच्या वेळी कोण काय बोलले, त्यावर मी काय उत्तर दिले, द्यायला किती वेळ लावला, समोरची बाई हसली ती माझ्या बोलण्याला की मला, त्या वेळी माझी नजर कुठे होती, हे सगळे ओळ न् ओळ मी तपासत असे आणि प्रत्येक चुकीपुढे एकच शेरा असे: तुला एवढंही जमत नाही. आवाज माझा होता, शब्द माझे नव्हते. पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसणाऱ्या मुलीला १९८०च्या दशकातल्या आमच्या गावात घुमी, एककल्ली, शिष्ट, माणूसघाणी असे जे म्हटले जाई, ते मी इतक्या लहानपणी पाठ केले होते की पुढे ते कोणी म्हणण्याची गरजच उरली नाही.

स्वतःला असे फटकारणे मी शिस्त समजत होते, हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण माझ्यासारख्या अनेकांना आजही तसेच वाटते. हा चाबूक खाली ठेवला तर आहे तेवढेही आपण उरणार नाही, अशी मला भीती होती. या शिस्तीच्या जोरावरच मी फोनवर बोलायची वाक्ये आधी प्रुफांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून काढत असे, डोळ्यांत बघणे जमत नाही म्हणून समोरच्याच्या भुवयांच्या मधोमध बघायला शिकले होते, आणि हळदीकुंकवाला किती वेळाने उठले तर वाईट दिसत नाही याचा हिशेब ठेवला होता. याला मास्किंग म्हणतात, मुखवटा चढवणे. तो इतका चपखल बसतो, विशेषतः बायकांच्या चेहऱ्यावर, की आतले माणूस दमले आहे हे घरातल्यांच्याही ध्यानात येत नाही.

एकोणचाळिसाव्या वर्षी ते बळ संपले. आधी फोन घेणे थांबले, मग कुकरची शिट्टी सहन होईना म्हणून स्वयंपाक थांबला, आणि एका सकाळी समोरचे पान वाचता येत होते पण त्यातली एकही चूक दिसत नव्हती. त्याआधी सात वर्षे मी नैराश्यावर उपचार घेतच होते. गोळ्यांचा मला उपयोग झाला, त्यांनी झोप दिली, आणि कोणीही त्या आपल्या मनाने बंद करू नयेत असेच मी सांगेन. पण नैराश्य पुन्हा पुन्हा का उलटते, हे कोणी शोधले नव्हते. जास्त लोकांत मिसळा, असे मला सांगण्यात आले. मी तो सल्ला नेमाने पाळला आणि अधिकच खचले. स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अमेरिकन संशोधक डोरा रेमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली या अवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले, ते मी पुढे वाचले: महिनोन् महिने न सरणारा थकवा, आधी येत असलेल्या गोष्टी येईनाशा होणे, आणि आवाज, उजेड, स्पर्श यांची सहनशक्ती आटणे. इतकी वर्षे ज्याला मी आळस आणि नाजूकपणा म्हणत आले होते, ते तिथे सरळ वाक्यांत लिहिलेले होते.

हा विषय मी गंभीरपणे का घेते, तेही सांगते. इंग्लंडमध्ये प्रौढ वयात अ‍ॅस्पर्जर सिंड्रोमचे, म्हणजे ऑटिझमच्याच एका प्रकाराचे, निदान झालेल्या लोकांची एक पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत ६६ टक्के लोकांनी आयुष्यात केव्हा ना केव्हा आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले होते. हे वाचणाऱ्या कोणाच्या मनात आज ते विचार असतील, तर निदान वगैरे नंतर पाहता येईल. सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

निदानासाठी रक्त तपासत नाहीत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलतात, निरीक्षण करतात, आणि शक्य असेल तर लहानपण पाहिलेल्या माणसाशीही बोलतात. माझ्यासाठी चौऱ्याहत्तर वर्षांची आई त्यांच्याशी बोलायला आली. मी चिंचोके आकाराप्रमाणे लावत असे आणि ओळ कोणी मोडली तर दिवसभर जेवत नसे, दिवाळीच्या नव्या फ्रॉकचा टोचणारा गळा मी कात्रीने कापून टाकला होता आणि त्यासाठी मार खाल्ला होता, हे तिने तिथे सांगितले. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "माझं काही चुकलं का गं?" आईच्या मायेच्या अभावी मुले अशी होतात, हे मत १९५० आणि ६०च्या दशकांत खरोखर मोठमोठ्या तज्ज्ञांनी पसरवले होते आणि ते साफ चुकीचे ठरले आहे, हे मी तिला सांगितले. आईला मी हे किती सहज सांगितले, आणि स्वतःला एवढी वर्षे काय सांगत आले, हे त्या रिक्षात पहिल्यांदा माझ्या लक्षात आले.

मिळाले ते हे. भारतात १९९५च्या अपंगत्वविषयक कायद्यातील ७ प्रकारांत ऑटिझम नव्हता. तो २०१६च्या कायद्यातील २१ प्रकारांत आला. माझ्या शाळेत कोणाला तो शब्द माहीत असण्याची शक्यताच नव्हती, म्हणजे माझ्या बाईही दोषी नव्हत्या आणि मीही नव्हते. कारण कळल्याशिवाय माफी देता येत नाही, असे नाही. पण मला तरी ती देता आली नाही.

स्वमग्न या शब्दाशी माझे आजही पटत नाही. ऑटिझम हा शब्द विसाव्या शतकाच्या आरंभी ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडवला गेला आणि आपण त्याचे इमानदारीने मराठी केले. पण मी स्वतःत मग्न कधी होते? माझे सगळे लक्ष आयुष्यभर इतरांच्या चेहऱ्यांवर होते. स्वतःला भूक लागली आहे, पाठ भरून आली आहे, मन दुखावले आहे, हे मला फार उशिरा कळे.

म्हणूनच स्वतःविषयी करुणा बाळगा, या सल्ल्याने मी सुरुवातीला गोंधळून गेले. क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली या करुणेची मांडणी तीन अंगांनी केली: स्वतःशी मायेने वागणे, आपले दुःख हे माणसांच्या सामाईक दुःखाचाच भाग आहे हे जाणणे, आणि ते दडपून वा फुगवून न ठेवता आहे तसे पाहणे. त्यांचा मुलगा ऑटिस्टिक आहे आणि त्याला वाढवताना आपल्याला याचाच आधार झाला, असे त्यांनी लिहिले आहे. पण डोळे मिटून छातीवर हात ठेवा, दुःख शरीरात कुठे जाणवते ते पाहा, असे समुपदेशकांनी म्हटले की मला काहीच जाणवत नसे, आणि याही परीक्षेत मी नापास झाले असे वाटे. भावना ओळखता न येणे हे ऑटिस्टिक लोकांत पुष्कळदा आढळते. माझ्या समुपदेशकांनी ते समजून घेतले आणि आम्ही वाट बदलली. मला माया वाटत नसेल, तर ती करता तरी येईल. गणपतीच्या दिवसांत ढोलताशाआधी कानांत बोळे घालणे, घड्याळ लावून जेवणे, कपड्यांच्या गळ्यामागच्या पट्ट्या उसवून टाकणे, फोनऐवजी लिहून कळवा असे प्रकाशकांना आधीच सांगणे, हा माझ्या करुणेचा व्यवहार आहे. याला कोणी लाड म्हणतात. लाडात गरजेपेक्षा जास्त दिले जाते. मी गरजेइतके देते आहे. आणि शिस्त गेली की काम बिघडेल ही माझी भीती खोटी ठरली, कारण चुका पुन्हा दिसू लागल्या त्या याच दिवसांत.

रात्रीची तपासणी बंद झालेली नाही, ती सवय इतकी सहज जात नाही. आमच्या कामात काट मारलेल्या शब्दाखाली टिंबे दिली की तो होता तसा ठेवायचा असतो. आठवणीतल्या एखाद्या वाक्यावर काट पडली की मी मनातल्या मनात त्याच्याखाली टिंबे देते. काही रात्री हात चालतो, काही रात्री नाही.

करुणेचे दुसरे अंग, सामाईकपणाचे, मला सर्वांत जड गेले, कारण तू वेगळी आहेस हेच आम्ही आयुष्यभर ऐकलेले असते. इथे मला स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांची २०१२ सालची मांडणी उपयोगी पडली. दोन वेगळ्या घडणींची माणसे भेटतात तेव्हा गैरसमज दोन्हीकडून होतो, असे ते म्हणतात. संवाद फसला की संपूर्ण बिल माझ्या नावावर लागत आले होते. त्यातले निम्मे तरी समोरच्याचे होते.

गेल्या वैशाखात भाच्याचे लग्न होते. बँड दाराशी आला तसे आईने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "तू मागच्या खोलीत जाऊन बस, पंगत मांडली की हाक मारते." पूर्वी मी ओठ घट्ट मिटून तिथेच उभी राहिले असते आणि पुढचे चार दिवस पडून काढले असते. मी गेले. तिथे तांदळाची पोती होती, उलटी घातलेली पातेली होती आणि एका खिडकीतून उजेड येत होता. अर्ध्या तासाने तिने हाक मारली, तेव्हा भिंतीकडचे शेवटचे पान तिने माझ्यासाठी धरून ठेवले होते.