एका वेळी चार कामं

आज रविवार, ठाण्यात सकाळपासून धो धो पाऊस, म्हणून क्विलिंगचा डबा उचलून माळ्यावर टाकला. दमट हवेत कागदाच्या पट्ट्या मऊ पडतात, गुंडाळी सैल सुटते आणि फेविकॉल वाळायचं नाव घेत नाही. पावसाळ्यात आपली दोऱ्याचीच कामं बरी. क्रोशे, भरतकाम, आणि आईंच्या जुन्या सुती साड्यांची गोधडी, जी गेल्या वर्षीपासून चालूच आहे (होईल तेव्हा होईल).

शेजारच्या काकू परत तेच म्हणाल्या, अगं एक काहीतरी नीट धर, ऑर्डरी घे. मी चहा टाकला. माझं डोकं तसं चालतच नाही हो, मला एकातलं उचलून दुसऱ्यात घालायला आवडतं, सगळी मजा तिथेच आहे. आता मॅटीच्या कापडावर (विणीतच चौकोनी घरं दिसतात ते) टेबलक्लॉथ भरतेय ती चक्क ठिपक्यांची रांगोळी आहे, मधे ७ ठिपके आणि दोन्हीकडे कमी होत होत ४. दोन ठिपक्यांत ६ घरं सोडली की पुढच्या ओळीचा ठिपका बरोब्बर मधोमध, तिसऱ्या घरावर बसतो. विषम घरं सोडाल तर तो अर्ध्या घरावर येणार आणि सगळं बोंबलणार. आणि ओळीओळीत ६ नाही, ५च घरं, नाहीतर फूल उभट दिसतं. हे अंगणात हाताला आपोआप जमतं, कापडावर मोजावं लागतं.

कुठलीही नवी आयडिया आली की मी आधी क्रोशावर करून बघते. सुईवर एकच टाका असतो, नाही आवडलं तर सर्रकन उसवायचं, दोरा परत गुंडीवर. दोन सुयांच्या विणकामात एक टाका निसटला की खाली शिडी पडत जाते, तिथे असले खेळ नकोत. क्रोशाने बोटावरून दोरा बेताने सोडायची सवय लागली, त्यामुळे गोधडीच्या धावदोऱ्यालाही आता चुण्या पडत नाहीत. ते रेडिमेड किट मात्र मला अजिबात झेपत नाही, सगळं कापून, मोजून दिलेलं, मग आपण करायचं काय!

फक्त वारली मी कशातच मिसळत नाही. तो लग्नातला चौक, म्हणजे शुभ चौकोनी चित्र, सवाशिणींनी भिंतीवर लिहायचा. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणली, २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली, आणि पालघर २०१४ ला वेगळा व्हायच्या आधी हे सगळं आमच्याच ठाणे जिल्ह्यातलं. मगवर, कीचेनवर, उशीवर तारपा वाद्याभोवतीचा तोच नाच बघून कंटाळा येतो. मी काढते ती गेरूवर, तांदळाच्या पिठाने, बास.

टेबलक्लॉथचा जांभळा दोरा संपत आलाय. उद्या ऑफिसवरून येताना गोखले रोडला बघते, पण दुसऱ्या लॉटचा रंग हमखास वेगळा निघतो. तसंच झालं तर कडेला मुद्दाम पोपटी घेईन.