आमची वाटचाल: ग्रिलपासून खुराड्यांपर्यंत

कराडजवळच्या आमच्या वर्कशॉपमध्ये पूर्वी खिडक्यांचे ग्रिल आणि गेट व्हायचे. खुराड्याचं काम वर्षाकाठी एखादं, तेही ओळखीतलं. २०२० च्या लॉकडाउननंतर घरच्या अंड्यांसाठी चार कोंबड्या पाळू म्हणणाऱ्यांचे फोन सुरू झाले आणि आज आमचं निम्म्याहून अधिक काम खुराड्यांचंच आहे.

नव्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “एवढ्यात किती कोंबड्या मावतील?” आम्ही उलट विचारतो, कोंबड्या दिवसातले किती तास आत राहणार? सगळं माप त्यावर ठरतं. वस्तीवरच्या कोंबड्या उजाडलं की उकिरड्यावर, बांधावर चरायला जातात आणि दिवेलागणीला आपण होऊन परततात. त्यांना खुराडं रात्रीपुरतं; कोंबडीमागे दीड-दोन चौरस फूट पुष्कळ झाले. बंगल्याच्या आवारात मात्र कुत्री असतात, शेजाऱ्यांची बाग असते, त्यामुळे कोंबड्या दिवसभर कोंडलेल्याच. तिथे कोंबडीमागे आत चार चौरस फूट आणि बाहेर जाळीचं अंगण दहा चौरस फूट, याच्या खाली आम्ही उतरत नाही. दाटी झाली की कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, दांडगी कोंबडी गरीब कोंबडीला खाद्याजवळ फिरकू देत नाही, आणि ओल्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियानं आपलेही डोळे चुरचुरतात.

नवख्यांनी चार-पाच कोंबड्यांपासून सुरुवात करावी, पण खुराडं आठांचं घ्यावं. वर्षभरात एखादी खुडूक होऊन अंडी उबवायला बसते, कुणी चार पिल्लं आणून देतं, आणि संख्या वाढतेच. म्हणून आठ कोंबड्यांना पुरणारं चार बाय आठ फुटांचं खुराडं आमच्याकडे सर्वांत जास्त जातं. प्लायवूडची अख्खी शीट त्याच मापाची मिळते, त्यामुळे कापाकापीत माल वाया जात नाही आणि गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात.

आतल्या गोष्टीही मापातच हव्यात. बसायच्या दांडीवर प्रत्येकीला आठ-दहा इंच. गिरिराज, वनराज अशा अंगानं जड कोंबड्यांसाठी दांडी दीड-दोन फुटांवरच, नाहीतर उतरताना पाय दुखावतात. अंडी घालायला फूटभर लांबी-रुंदीचा कप्पा, चार कोंबड्यांत एक. जाळी अर्धा इंची वेल्डेडच. षटकोनी कोंबडीजाळी स्वस्त पडते, पण ती फक्त कोंबडीला आत ठेवते. कुत्रं ती फाडतं आणि लहान साप सहज आत शिरतो.

आपल्याकडे थंडीपेक्षा उन्हाळा कोंबड्यांचे हाल करतो. त्यामुळे लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवतो, समोरासमोर जाळी देतो आणि पत्र्यावर उसाचं पाचट पसरायला सांगतो. मोठ्या खुराड्यात वारा खेळतो हा फायदा एप्रिल-मेमध्ये कळतो.

याहून लहान, स्वस्त पिंजरे बाजारात आहेत आणि काही गिऱ्हाइकं तिकडे जातात. आम्ही माप कमी केलेलं नाही. ज्यांच्याकडे जागाच थोडी आहे त्यांना तीनच कोंबड्या ठेवा म्हणतो आणि तेवढं खुराडं बनवून देतो. एकट्या कोंबडीसाठी मात्र ऑर्डर घेत नाही. कोंबडी कळपात राहणारा पक्षी आहे, तिला निदान दोघींची सोबत हवी.