वाचक ब्लॉगवर येत नाहीत, एका पोस्टवर येतात – माझा अनुभव

ब्लॉग सुरू करायचा म्हटलं की पहिला वाद ब्लॉगर की वर्डप्रेस, म्हणजे ब्लॉग चालवायच्या या दोन सोयींपैकी कुठली, आणि त्यातच लोकांचा इतका वेळ जातो की लिहायचं राहूनच जातं. ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ मध्ये ते गूगलने घेतलं, फुकट आहे, होस्टिंगचा, म्हणजे ब्लॉग इंटरनेटवर ठेवायच्या जागेचा, खर्च नाही आणि स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा वेब पत्ताही जोडता येतो. वर्डप्रेस २००३ चं, स्वतःच्या होस्टिंगवर टाकलं तर त्यात करण्यासारखं खूप, पण मग अपडेट, बॅकअप, प्लगिन (वरून जोडायच्या सोयी) सगळं आपणच बघायचं. मी वर्डप्रेस घेतलं कारण मला ते खटाटोप आवडतात. तुम्ही काहीही घ्या पण डोमेन मात्र पहिल्याच दिवशी घ्या, म्हणजे उद्या सगळं उचलून दुसरीकडे नेलं तरी लोकांनी तुम्हाला दिलेल्या लिंका चालू राहतात.

विषय माझा सायकल दुरुस्ती. सुरुवातीला वाचणारे म्हणजे ओळखीचेच, "मस्त लिहिलंयस" म्हणणारे, आणि त्याचं बरं वाटायचंच. पण अनोळखी माणूस कुठून येणार हे मला कळलं ते सर्च कन्सोल जोडल्यावर. गूगलचंच आहे, फुकट आहे, डोमेन आपलं आहे हे सिद्ध करायचं, साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरच्या पानांची यादी, द्यायचा आणि वाट बघायची. लोक काय टाइप करून तुमच्यापर्यंत आले, तुमचं पान किती वेळा दिसलं आणि किती जणांनी क्लिक केलं हे तिथे दिसतं, मागच्या १६ महिन्यांपर्यंतचं. (त्याआधी वर्डप्रेसच्या रीडिंग सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना येऊ नका सांगणारी टिक काढलेली आहे ना बघा, ती राहिली तर बाकी सगळं फुकट.)

आणि तिथे काय दिसलं, तर मी मनापासून लिहिलेले लांबरुंद लेख, सायकल का आवडते वगैरे, ते कोणी शोधतच नव्हतं, शोधत कसं असेल, त्यांना मी असं काही लिहिलंय हे माहीतच नाही. लोक येत होते ते गिअर बदलताना चेन स्पोककडे पडते यावर लिहिलेल्या एका छोट्या पोस्टवर, ज्यात मागच्या डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) एल स्क्रू, म्हणजे चेन आत किती जाईल ते ठरवणारा, कुठला, चेन बाहेरच्या बाजूला पडत असेल तर मग एच स्क्रू, आणि एका वेळी थोडंसंच फिरवून परत गिअर बदलून बघायचं, एवढंच होतं. सायकल उलटी करून, काळ्या हातांनी मोबाइल धरून बसलेला माणूस हे वाचणार होता. तेव्हापासून मी वाचक शोधणं सोडलं आणि अडलेला माणूस शोधायला लागले.

मग शीर्षकं बदलली. "चेनची गोष्ट" असं शीर्षक मला आवडतं, अजूनही आवडतं, पण अडलेला माणूस ते टाइप करत नाही, तो "सायकलची चेन सारखी पडते" असंच टाइप करतो. पहिल्या दोन ओळीत उत्तर, गप्पा नंतर. फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये लहान करून टाकले कारण फोनमधले तसेच टाकले की पान उघडायला वेळ लागतो आणि माणूस मागे फिरतो. पोस्टचा पत्ता मात्र मी रोमन लिपीत ठेवते. देवनागरी पत्ता कॉपी केला की बऱ्याचदा टक्क्याच्या खुणांची लांबलचक माळ होते, एकेक अक्षर आणि एकेक काना नऊ नऊ चिन्हांचा, म्हणजे नुसतं "सायकल" लिहिलं तरी ४५, आणि असली लिंक ग्रुपवर आली की कोणी हात लावत नाही.

ग्रुपवरून आठवलं, नुसती लिंक टाकून पळायचं नाही, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. कोणी प्रश्न विचारला की आधी तिथेच पूर्ण उत्तर द्यायचं, फोटो लागत असतील तर खाली लिंक. त्यातून येणारे लोक थोडे असतात पण ते दुसरी पोस्टही वाचतात.

खरं काम हेच, दुसरी पोस्ट. सर्चमधून आलेला माणूस चेन बसली की निघून जातो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून प्रत्येक पोस्टच्या मधेच, जिथे विषय निघेल तिथे, पुढच्या पोस्टची लिंक देते, चेनवरून झिजलेल्या कॅसेटवर (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर), तिथून चेन मोजायच्या गेजवर. शेवटी नवीन पोस्ट ईमेलने हवी असेल तर पत्ता टाकायची एक चौकट. आरएसएस, म्हणजे ब्लॉगवरचं नवीन काही आपोआप दाखवणारी सोय, आहेच, पण २०१३ मध्ये ते वाचायचं गूगल रीडर बंद झाल्यापासून ते वापरणारे कमीच भेटतात, ईमेल मात्र सगळे बघतात. यादी हळू वाढते, पण नवीन पोस्ट टाकली की पहिल्या दिवशी वाचणारे हेच.

कमेंटला मी प्रत्येक वेळी उत्तर देते, आणि तोच प्रश्न परत आला की उत्तर सरळ पोस्टमध्येच घालते, त्यामुळे जुन्या पोस्टच आता जास्त चांगल्या झाल्यात. सध्या डिस्क ब्रेकवरची पोस्ट नव्याने लिहितेय, मिनरल ऑइलवर चालणाऱ्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड (दुसऱ्या प्रकारचा ब्रेकचा द्रव) घातलं तर चालेल का असं वाचक विचारतायत, चालत नाही, सील खराब होतात, आणि हे त्या पोस्टमध्ये सगळ्यात वर यायला हवं.