आठव्या प्रकरणातली आई

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा शिक्षक, मैत्रिणी, स्नेहसंमेलने, सहली असे कितीतरी विषय मनात येऊन गेले. परंतु या शाळेने मला जे दिले, त्यात सर्वाधिक काळ सोबत राहिली ती एक कादंबरी, आणि म्हणून तिच्याविषयीच लिहीत आहे. शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ ही ती कादंबरी. मूळ पुस्तक लुइसा मे अल्कॉट या अमेरिकन लेखिकेचे ‘लिटल विमेन’. चार बहिणी, त्यांची आई, शेजारच्या मोठ्या घरातला एकाकी मुलगा आणि दूर कुठेतरी चाललेले युद्ध, एवढ्याच सामग्रीवर उभी असलेली ही जुन्या वळणाची कौटुंबिक प्रेमकथा आपल्या शाळेतल्या मुलींनी वर्षानुवर्षे एकमेकींच्या हातातून घेऊन वाचली. अलीकडे मी ती पुन्हा वाचली, या वेळी मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून, अगदी सावकाश.

आपल्या ग्रंथालयात तिची एकच प्रत होती. जाड पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर पांढऱ्या शाईने लिहिलेला क्रमांक आणि आतल्या बाजूला तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी असे ते पुस्तक कपाटात क्वचितच दिसे, कारण एकीने परत केले की ग्रंथालयाच्या बाई ते टेबलावरूनच दुसरीच्या नावावर लिहीत. वाचून झालेल्या मुलींमध्ये आपापली बहीण ठरवण्याची पद्धत होती. थोरली मेग समंजस आणि देखणी, दुसरी ज्यो तापट, लेखिका होण्याची स्वप्ने पाहणारी, तिसरी बेथ घरकोंबडी आणि मायाळू, धाकटी अ‍ॅमी चित्रे काढणारी आणि थोडी नखरेल. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनाच ज्यो व्हायचे असे, आणि ते स्वाभाविकच होते. नाताळच्या रात्री बहिणी घरातच नाटक करतात, तेव्हा पुरुषांना प्रवेश नसल्यामुळे सगळ्या पुरुषभूमिका ज्योच्या वाट्याला येतात आणि कुणीतरी दिलेले तपकिरी चामड्याचे बूट घालून ती रंगमंचावर मनसोक्त वावरते. स्नेहसंमेलनात फेटा बांधून आणि काजळाच्या मिशा काढून राजा किंवा सरदार झालेल्या आपल्या शाळेतल्या मुलींना त्या बुटांचा आनंद समजावून सांगावा लागत नसे.

अ‍ॅमीच्या लिंबांचे प्रकरणही आम्हांला असेच जवळचे वाटे. खारवलेली लिंबे वर्गात लपवून आणण्याची मुलींमध्ये टूम निघालेली असते, ज्यांची खाल्ली त्यांना परत द्यायची म्हणून मेगकडून पैसे घेऊन अ‍ॅमी दोन डझन लिंबे विकत आणते, एक मुलगी चुगली करते आणि गुरुजी तिला ती लिंबे दोन-दोन करून खिडकीबाहेर फेकायला लावतात, हातावर छड्या मारतात आणि सर्वांसमोर उभे करतात. शाळेच्या फाटकाशी चिंचा, आवळे आणि बोरे विकत घेणाऱ्या मुलींना हे वाचताना अमेरिका मुळीच दूर वाटत नसे. आता वाचताना मात्र लक्ष जाते ते पुढच्या परिच्छेदाकडे: आई अ‍ॅमीचा नियमभंग पाठीशी घालत नाही, पण मुलींना मारणे तिला मान्य नाही, आणि ती मुलीला त्या शाळेतून काढून घेते. यामागे लेखिकेच्या घरचा इतिहास आहे. तिचे वडील ब्रॉन्सन अल्कॉट हे स्वतः शिक्षक होते. १८३४ मध्ये त्यांनी बोस्टनमध्ये काढलेली शाळा पाठांतराऐवजी संवादावर चालत असे. मुलांशी धर्माविषयी केलेली मोकळी संभाषणे त्यांनी छापली तेव्हा पालक बिथरले आणि मुले काढून घेऊ लागले. पुढे त्यांनी एका कृष्णवर्णीय मुलीला आपल्या वर्गात प्रवेश दिला, तेव्हा उरलेसुरले पालकही निघून गेले आणि त्यांचे शिक्षकाचे काम थांबले. एका शाळेच्या स्मरणिकेत या शिक्षकाचा उल्लेख व्हावा, असे मला मनापासून वाटते.

शाळेच्या दिवसांत या कादंबरीवरून खरे वाद होत ते ज्यो आणि लॉरी यांच्यावरून. शेजारचा लॉरी लहानपणापासून ज्योचा सोबती. वाचणाऱ्या प्रत्येकीने मनातल्या मनात त्यांचे लग्न लावून टाकलेले असते. आणि दुसऱ्या भागात ज्यो त्याला स्पष्ट नकार देते. मधल्या सुट्टीत डबे उघडून बसलेल्या मुलींमध्ये या नकाराची चर्चा इतक्या तळमळीने होई, की जणू हे स्थळ आमच्यापैकीच एखादीने मोडले होते. आमच्याआधी शंभरहून अधिक वर्षे अमेरिकेतल्या मुलींनीही हीच तळमळ व्यक्त केली होती. पहिला भाग १८६८ च्या सप्टेंबरअखेर बोस्टनच्या रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने काढला. पहिल्या दोन हजार प्रती पाहता पाहता संपल्या. आणि आता या मुलींची लग्ने कुणाशी होणार, अशी विचारणा करणारी वाचक मुलींची पत्रे लेखिकेकडे येऊ लागली. केवळ कुणाला खूश करण्यासाठी ज्योचे लग्न लॉरीशी लावणार नाही, असे तिने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आणि १८६९ च्या एप्रिलमध्ये आलेल्या दुसऱ्या भागात ते पाळले. ज्यो अविवाहित लेखिका म्हणूनच राहावी, अशी तिची स्वतःची इच्छा होती. तसे करणे जमेना, तेव्हा तिने ज्योसाठी वयाने मोठे, गबाळे, खिशात पैसा नसलेले जर्मन प्राध्यापक भाएर निर्माण केले. वाचक नाराज होतील हे ठाऊक असूनही तिने हे केले, आणि आज मला ते मोठ्या धैर्याचे वाटते. लॉरीशी लग्न झाले असते तर ज्यो सुखवस्तू घराची सून झाली असती. भाएर यांच्याबरोबर मात्र ती काम करते.

परंतु आजच्या वाचनात मला सगळ्यांत अधिक थांबवले ते आठव्या प्रकरणाने. बहिणी नाटकाला निघालेल्या असतात, आपल्याला नेत नाहीत म्हणून रागावलेली अ‍ॅमी ज्योचे हस्तलिखित जाळून टाकते. त्यात ज्योने कित्येक वर्षे खपून लिहिलेल्या गोष्टी असतात आणि त्यांची दुसरी प्रत नसते. ज्यो क्षमा करायला तयार होत नाही. दुसऱ्या दिवशी ती लॉरीबरोबर गोठलेल्या नदीवर घसरायला जाते, अ‍ॅमी मागोमाग येते. मधोमध बर्फ पातळ आहे, काठाने ये, असे लॉरी ओरडून सांगतो; अ‍ॅमीला ते ऐकू गेलेले नाही हे ज्योला कळते, आणि तरी ती गप्प राहते. बर्फ फुटतो, अ‍ॅमी पाण्यात जाते, कुंपणाचा दांडा आणून लॉरी आणि ज्यो तिला बाहेर काढतात. शाळेत असताना आम्ही हे पान श्वास रोखून वाचत असू, आणि अ‍ॅमी वाचली की पुढे धावत असू.

खरे प्रकरण मात्र त्यानंतर सुरू होते. रात्री अ‍ॅमी झोपल्यावर ज्यो आईजवळ बसून रडते. माझा राग मला आवरत नाही, एखाद्या दिवशी मी काहीतरी भयंकर करून बसेन, असे सांगते. तेव्हा, सर्वांची समजूत काढणारी, युद्धावर गेलेल्या नवऱ्याच्या मागे घर सांभाळणारी, नाताळच्या सकाळी स्वतःच्या मुलींची न्याहारी एका भुकेल्या कुटुंबाला नेऊन देणारी ही आई सांगते, की माझा स्वभावही अगदी तुझ्यासारखाच होता. तो बदलण्याचा प्रयत्न मी चाळीस वर्षे करते आहे आणि इतक्या वर्षांत फक्त त्याला ताब्यात ठेवणे मला जमले आहे. जवळजवळ रोजच मला राग येतो, पण तो दिसू न देणे मी शिकले आहे. तो येऊच नये हेही कधी शिकेन, मग त्याला आणखी चाळीस वर्षे का लागेनात. यावर ज्यो विचारते, की आत्याबाई बोलतात किंवा कुणी त्रास देते, तेव्हा तू ओठ घट्ट मिटून खोलीबाहेर निघून जातेस, त्या वेळी तुला राग आलेला असतो का? आई हो म्हणते.

ओठ मिटून खोलीबाहेर जाणारी ही बाई मी आमच्या घरात, मैत्रिणींच्या घरांत आणि पुढे स्वतःच्या संसारातही पाहिली आहे. आमची आई अशा वेळी न बोलता उठून मागच्या अंगणात जाई आणि वाळत घातलेले कपडे, वाळलेले असोत वा नसोत, एकेक करून घड्या घालू लागे. त्या घड्या विलक्षण नेटक्या असत. तिच्या मनात काय चालले आहे, हे विचारण्याचे आम्हा भावंडांना कधी सुचले नाही. ज्योला सुचते, आणि तिची आई उत्तर देते, यातच या कादंबरीचे मोठेपण मला दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या एका मुलींच्या पुस्तकात आई आपल्या मुलीसमोर स्वतःच्या रोजच्या रागाची कबुली देते, आणि तिचे मुलीच्या मनातले स्थान त्यामुळे कणभरही उणे होत नाही. लेखिका या रागाला वाईट खोड समजून आवरायला सांगते, हे खरे आहे आणि ते मला आज पुरते पटत नाही. परंतु तो राग आहे, आणि तो सद्गुणी बाईलाही रोज येतो, एवढे तिने नि:शंकपणे लिहून ठेवले आहे.

त्या रागाला कारणेही होती. ब्रॉन्सन अल्कॉट थोर विचारांचे, पण त्या विचारांतून घरात धान्य येत नसे. १८४३ मध्ये त्यांनी मित्रांबरोबर ‘फ्रुटलँड्स’ नावाची आदर्श वसाहत काढली. मांसाहार नाही, जनावरांचे श्रम वापरायचे नाहीत, असे तिचे कडक नियम होते. पुरुष तत्त्वचर्चेत दंग असत आणि काम उरे ते लुइसाच्या आईच्या अंगावर. हिवाळा येताच वसाहत मोडली, घरही मोडता मोडता राहिले. लुइसा तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांची होती. पुढे तिने शिवणकाम केले, शिकवण्या केल्या, लोकांच्या घरी कामे केली, सनसनाटी गोष्टी टोपणनावाने विकल्या. १८६२ च्या अखेरीस ती यादवी युद्धातल्या जखमी सैनिकांची शुश्रूषा करायला वॉशिंग्टनला गेली आणि विषमज्वराने आजारी होऊन परतली. पाऱ्याच्या औषधांनी तिची प्रकृती कायमची खालावली. प्रकाशकाने मुलींसाठी गोष्ट लिही म्हटले, तेव्हा तिला त्यात रस नव्हता. घरावर कर्ज होते म्हणून ती लिहायला बसली. कॉन्कर्ड गावातल्या ‘ऑर्चर्ड हाउस’मध्ये वडिलांनी दोन खिडक्यांच्या मध्ये बसवून दिलेल्या अर्धवर्तुळाकार फळीवर तिने हे पुस्तक लिहिले, प्रकाशकाच्याच सल्ल्याने स्वामित्वहक्क स्वतःकडे ठेवले, आणि त्या पैशांतून सगळे कर्ज फेडले. कादंबरीत ज्यो आजारी वडिलांसाठी आपले लांबसडक केस पंचवीस डॉलरला विकते, त्या पंचवीस डॉलरची किंमत लेखिकेला नेमकी ठाऊक होती.

बेथच्या मृत्यूविषयी थोडक्यातच लिहिते. लुइसाची बहीण लिझी १८५८ मध्ये, बाविसाव्या वर्षी गेली. बेथ म्हणजे तीच. शेवटच्या दिवसांत खिडकीशी बसून बेथ छोटे हातमोजे, सुया ठेवायच्या घड्या, टाक पुसायची फडकी असे काही ना काही शिवते आणि शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी खाली टाकते. पुढे एक दिवस सुई फार जड लागते म्हणते आणि ती खाली ठेवते. लहानपणी मी या पानांवर रडले होते, आजही रडले.

कादंबरीच्या शेवटी ज्यो आणि भाएर मिळून आत्याबाईंच्या वाड्यात मुलांची शाळा काढतात. ती शाळा फक्त मुलांची का, हा प्रश्न मला नेहमी पडे. त्याचे उत्तर पुढच्या पुस्तकांत मिळते. तिथे नॅन नावाची एक धसमुसळी, हट्टी मुलगी दाखल होते, आणि १८८६ मध्ये आलेल्या ‘जोज् बॉइज’मध्ये ती शिकून डॉक्टर होते, लग्नाला नकार देते आणि आनंदाने आपले काम करते. त्याच १८८६ च्या मार्चमध्ये आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या, लुइसा अल्कॉटचा जन्मही त्याच शहराच्या जर्मनटाउन भागातला, १८३२ सालचा. आनंदीबाईंच्या पदवीदानाला हजर असलेल्या पंडिता रमाबाई नंतर अमेरिकाभर हिंडल्या, आणि त्यांच्या विधवाश्रमाला मदत करणारी संस्था १८८७ च्या डिसेंबरमध्ये बोस्टनमध्येच स्थापन झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ६ मार्च १८८८ रोजी, लुइसा त्याच बोस्टनमध्ये वारली. या तिघींची भेट झाल्याचे मी कुठे वाचलेले नाही, पण तिघी एकाच काळात एकाच प्रश्नाशी झगडत होत्या, हे आपल्या मुलींना कळावे असे मला फार वाटते. म्हणून ‘चौघीजणी’च्या काही नव्या प्रती, नॅनच्या गोष्टीची दोन्ही इंग्रजी पुस्तके आणि आनंदीबाई व रमाबाई यांची चरित्रे मी या महोत्सवानिमित्त शाळेच्या ग्रंथालयाकडे सुपूर्त करीत आहे. ती कपाटात कुलूपबंद न ठेवता आठवी-नववीच्या मुलींना घरी न्यायला द्यावीत, एवढी ग्रंथालयाच्या बाईंना विनंती आहे.