बाबू, बाबासाहेब, आण्णा, फौजदार

सातबाऱ्यावर बाबू. आधार कार्डावर बाबासाहेब. घरात आण्णा, नातवंडांचे आबा आणि एसटी डेपोत फौजदार. माझे वडील गेले आणि ही सगळी माणसं एकच होती, हे आम्हाला सही-शिक्क्यानिशी सिद्ध करावं लागलं.

आण्णा कंडक्टर होते. गाडीत जागेवरून भांडण लागलं की दोघांनाही उभं करून विचारायचे, "आधी सासुरवाडी कुठली ते सांगा." तासगाव-कवठेमहांकाळच्या पट्ट्यात दोघांच्या ओळखीचं कुणीतरी हमखास निघायचंच. भांडण मिटायचं, आणि जागा तिसराच पटकवायचा. त्यावरून त्यांना फौजदार म्हणायला लागले. निवृत्तीनंतर सांगलीतल्या शामरावनगरच्या घरात रोज दुपारी नातवंडांची एसटी सुटायची. सोफा म्हणजे गाडी, तिकीट चिंचोक्यांवर. सुट्टे चिंचोके नसले की "उतरा खाली!" २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा त्यांनी आईकडून अर्धा चिंचोका मागितला. त्यांना स्वतःला पंचाहत्तरीनंतर प्रवास मोफत झाला, तर काही काम नसताना मिरजेला जाऊन यायचे. शून्य रुपयाचं तिकीट हातात पडलं की त्या पोरसवदा कंडक्टरला म्हणायचे, "बाळ, उरलेलं पैसं?"

असा माणूस कागदपत्रांच्या बाबतीत गबाळा असेल असं कुणालाही वाटेल. उलट होतं. २०१९ च्या महापुरात पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं, तेव्हा टीव्ही-फ्रिज सोडून त्यांनी पहिल्यांदा पत्र्याची पेटी माळ्यावर चढवली. त्यामुळे आज सगळं हाताशी होतं: पासबुकं, ठेवींच्या पावत्या, पेन्शनचा कागद, जुने उतारे.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. दवाखान्यात माणूस गेला तर ते लोक परस्पर कळवतात. आण्णा घरीच गेले, म्हणून डॉक्टरांचा मृत्यूच्या कारणाचा दाखला आणि स्मशानभूमीची पावती घेऊन भाऊ महापालिकेत गेला. कुणावर ही वेळ आली तर मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती घ्या आणि नावाचं अक्षर न् अक्षर तिथल्या तिथं वाचून बघा. पुढचं सगळं त्या एका नावावर चालतं.

बँकेचं सोपं गेलं, कारण बचत खात्याला आईचं नाव नॉमिनी म्हणून लावलेलं होतं. एका जुन्या ठेवीला मात्र ते नव्हतं. तिथं हमीपत्र आणि आम्हा भावंडांची संमती द्यावी लागली. एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: असं नाव लावलेला माणूस पैसे ताब्यात घेतो, पण म्हणून तो एकटा मालक होत नाही, हक्क सगळ्या वारसांचा असतो. आईच्या पेन्शनसाठी भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात १०-डी फॉर्म भरला. रक्कम आण्णांच्या पेन्शनच्या जेमतेम निम्मी, आणि मुळातली पेन्शन तरी काय होती म्हणा!

खरी परीक्षा हरिपूरच्या शिवारातल्या हळदीच्या रानाची. वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्यायची. तलाठी ती गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, घेतात. मग फेरफार, म्हणजे मालकीतल्या बदलाची नोंद होते, नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस जातात आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आम्ही दाखला, वंशावळ, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळं दिलं. नोंद अडली ती नावावर. उताऱ्यावरचा बाबू आणि दाखल्यावरचे बाबासाहेब एकच कशावरून?

याच काळात एका नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की लेकींनी हक्कसोडपत्र करून मोकळं व्हायचं असतं. मी काही बोलायच्या आत भाऊच म्हणाला, "तिचं नाव लागणार." ते पत्र नोंदणीकृत करावं लागतं, नुसत्या कागदावर सही घेऊन भागत नाही. माझ्यासारख्या बहिणींनी तेवढं तरी लक्षात ठेवावं. तर वारस म्हणून आई, भाऊ आणि मी.

नावासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र आणि गावातल्या जुन्या माणसांचे जबाब लागले. हरिपुरात आण्णांच्या वर्गातले एक आजोबा भेटले. "बाबूचा जबाब व्हय? बसा," म्हणाले, आणि सहीचं पेन हातात धरून तासभर बोलत राहिले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक उभं केलं, तेव्हापासून या भागातल्या पोरांना नाटकाचं वेड. गावच्या नाटकात आमचे आण्णा द्रौपदी झाले होते. वस्त्रहरण ऐन रंगात आलेलं, आणि समोर गणिताचे मास्तर येऊन बसले. द्रौपदीनं हात जोडून "नमस्कार मास्तर" केलं! दुःशासन हसून खाली बसला, कृष्णाला यायची गरजच उरली नाही. आईला लग्नाला एवढी वर्षं झाली तरी यातलं काही माहीत नव्हतं. ती ओट्यावर बसून पदर तोंडाला लावून इतकी हसली की मला आधी वाटलं रडतेय. सही त्यानंतर झाली, चहा झाल्यावर.

मसुदा करणाऱ्या वकिलांनी विचारलं, "आणखी कुठली नावं आहेत का?" माझा मुलगा पटकन म्हणाला, "फौजदार!" त्यांनी ते लिहिलं नाही. मला विचाराल तर लिहायला हवं होतं, सांगली डेपोत निम्म्या लोकांना त्यांचं दुसरं नाव ठाऊक नव्हतं.

फेरफार आता प्रमाणित झाला आहे. आमची नावं लागलेला उतारा भावानं आईच्या हातात दिला, तिनं चष्मा लावून आधी क्षेत्र तपासलं. राहता राहिलं लाइट बिल. त्यावरचं नाव बदलायला दाखला आणि वारसांची संमती जोडली की काम होतं, कागद तयारच आहेत. पण आई ऐकत नाही. म्हणते, "राहू दे त्यांच्याच नावावर. थकलं तर ते लोक आणि हे, दोघं काय ते बघून घेतील."