हात या बाजूला, गुडघा त्या बाजूला

माझ्या एक्सपल्स मोटरसायकलचा मागचा टायर एकदाचा गोटा झाला. पावसाळा तोंडावर आणि ताम्हिणीकडच्या लाल चिखलात असला टायर घेऊन जायचं म्हणजे गाडी चालवायची नाही, नुसती उचलायचीच, म्हणून नवा नॉबी, म्हणजे चिखलासाठीचा मोठ्या गुठळ्यांचा टायर मागवला, साइज १२०/८०-१८, आणि या वेळी ठरवलं की घरीच बदलायचा. पैसे वाचवायचे म्हणून नाही हं. मागच्या वेळी एका दुकानात टाकलेला, तिथल्या पोराने ट्रकला वापरतात तसली टॉमी, म्हणजे लोखंडी पहार घालून रिम दोन ठिकाणी चेपवली, वर म्हणतो साहेब हा टायरच कडक आहे. आणि दुसरं म्हणजे घाटात आत कुठे पंक्चर झालं तर तिथे पंक्चरवाला काय झाडामागून येणारे का? स्पोकची चाकं, आत ट्यूब, त्यामुळे ट्यूबलेससारखी भोकात रबराची वात खुपसून निघालो असं होत नाही, टायर उघडावाच लागतो. मग तो घरी सावलीत उघडायला शिकलेलं बरं.

खरं तर हा माझा तिसरा प्रयत्न. पहिल्या दोन वेळेला एकेक ट्यूब फाडली. दोन्ही वेळा टायर मस्त बसला, हवा भरली, चहा घेऊन खाली आलो तर टायर बसलेला, म्हणजे दुसऱ्या अर्थाने बसलेला.

चाक काढण्यात काही विशेष नाही. माझ्या गाडीला मधला स्टँड नाही, त्यामुळे इंजिनखालच्या प्लेटला दुधाचा क्रेट लावला, ऍक्सलचा नट काढला, चाक पुढे ढकलून चेन उतरवली, झालं. फक्त ऍक्सल बाहेर काढताना कुठला स्पेसर (ऍक्सलवरची नळीसारखी कडी) कुठल्या बाजूचा त्याचा फोटो काढून ठेवा, आणि चाक बाहेर असताना चुकूनही ब्रेक दाबू नका, पॅड जवळ येतात आणि मग ब्रेकची डिस्क आत जाता जात नाही. चाक जमिनीवर डायरेक्ट ठेवायचं नाही, डिस्क वाकते. मी कारचा एक जुना टायर आणून ठेवलाय, त्यावर आडवं टाकतो.

मग वॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची आणि टायरची कडा रिमपासून सुटी करायची. बूट घालून वर नाचून झालं, काही हललं नाही. शेवटी सोसायटीतले वॉचमन मामा म्हणाले, अहो स्कूटरचा साइड स्टँड ठेवा की त्याच्यावर. बायकोची स्कूटर आणली, स्टँड बरोब्बर टायरच्या कडेवर टेकवला, रिमला लागणार नाही असा, आणि हळूच स्कूटर त्या बाजूला कलवली. कच्चकन कडा आत. मामांना मानलं.

आता मुख्य भानगड. रिमच्या मधोमध एक खोलगट पन्हळ असते, अख्खी गोल. टायरच्या कडेत स्टीलची तार असते, ती ताणत नाही, कितीही जोर लावा. मग ती रिमवरून बाहेर येणार कशी? तर समोरच्या बाजूची कडा त्या पन्हळीत ढकलायची, तेवढी ढील मिळते, आणि ती ढील इकडे लिव्हरपाशी, म्हणजे कडा उचकटायच्या लोखंडी पट्टीपाशी वापरायची. एवढंच आहे सगळं! मी दोन वर्षं इकडे लिव्हरवर लटकत होतो आणि समोरची कडा तिकडे रिमच्या काठावर आरामात चढून बसलेली. आता गुडघा समोर रोवून ठेवतो आणि लिव्हरने दोन-दोन बोटांचा घास घेतो, जास्त नाही. लिव्हर जड लागली की थांबायचं, जोर लावायचा नाही, समोर बघायचं कडा वर आलीये का. शंभरातल्या नव्वद वेळा आलेली असते.

इंटरनॅशनल सिक्स डेज एन्ड्युरो म्हणून एक स्पर्धा आहे, १९१३ पासूनची, तिथे रायडर दिवसभर गाडी हाणून आल्यावर काही मिनिटांत स्वतःच्या हाताने टायर बदलतात. त्यांचे व्हिडिओ बघा. हात नका बघू, गुडघे बघा.

जुना टायर निघाला की आतून फडकं फिरवायचं, हात नाही. फडकं जिथे अडकलं तिथे बाभळीचा काटा. मला दोन सापडले, एक तर आरपार आलेला, ट्यूबला फक्त टेकायचा बाकी होता. स्पोकच्या टोकांवरची रबराची पट्टी जागेवर आहे का तेही बघून घ्या.

नवा टायर तासभर उन्हात ठेवला, मेमधलं पुण्याचं ऊन कधीतरी कामाला आलं. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेला, कडांना साबणाचं पाणी (भांड्यांचा लिक्विड साबण, सढळ हाताने), ट्यूबला आईची टाल्कम पावडर आणि ट्यूबमध्ये गोल आकार येण्यापुरती थोडी हवा. ही थोडी हवा फार महत्त्वाची, नाहीतर ट्यूबची घडी लिव्हरखाली येते, माझ्या दोन्ही ट्यूब अशाच गेल्या. आणि टायर चढवताना शेवट वॉल्व्हपाशी करायचा, कारण तिथे ट्यूबचा दांडा असल्यामुळे कडा पन्हळीत उतरत नाही, म्हणून बाकी सगळीकडे आधी उतरवून घ्यायची आणि हा तुकडा शेवटी. शेवटचा घास घेण्याआधी वॉल्व्ह थोडा आत ढकलून बघायचा, ट्यूब खाली अडकलेली नाही ना.

हवा भरताना कडा रिमवर बसल्याचा दोनदा फट्ट आवाज आला. कडेची रेघ चारी बाजूंनी सारखी दिसली. मग हवा उतरवून १८ पीएसआय, ट्रेलसाठी, म्हणजे कच्च्या वाटांसाठी, मला एवढी बरी वाटते, डांबरी रस्त्याने जाताना वाढवतो. वॉल्व्हचा बाहेरचा नट रिमला आवळत नाही, टोपीपाशी सोडतो. कमी हवेत टायर रिमवर सरकला तर वॉल्व्ह तिरका दिसतो आणि वेळेत कळतं.

एकूण दीड तास लागला, त्यातला अर्धा तास चेन ऍडजस्ट करण्यात आणि मामांशी गप्पांत. सकाळी खाली जाऊन आधी गेज लावला, १८. फक्त स्कूटर आता स्टँडवर जरा जास्तच कलून उभी राहते, ते अजून घरी कुणाच्या लक्षात आलेलं नाही.