तुम्ही विचारलंत म्हणून: दोनच रंग का?

मुक्कामाला आलेला पाहुणा आतल्या खोलीत बॅग ठेवतो आणि दोन मिनिटांत बाहेर येऊन विचारतो, "पलंगावरची ती लाल-पांढरी गोधडी तुम्ही शिवलीत?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग दोनच रंग का?" इथल्या, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या, आमच्या ओळखीतल्या बायका तर जरा काळजीनेच विचारतात, कापड कमी पडलं होतं की काय अशा सुरात. आजवर मी दर वेळी काहीतरी वेगळं सांगून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

विचारणाऱ्यांचं चुकत नाही. आपल्याकडे गोधडी म्हणजे घरात जे जुनं झालं ते सगळं. आईचं विटलेलं लुगडं, आजोबांचं धोतर, शाळेच्या गणवेशातला त्यातल्या त्यात धड भाग. वाईला आजोळी आम्ही मुलं गोधडीवर बोट ठेवून भांडायचो, "ही पट्टी माझ्या परकराची, तू सरक." रंग निवडायचा प्रश्नच नव्हता. लाल-पांढऱ्या क्विल्टचं, म्हणजे या अमेरिकन पद्धतीच्या गोधडीचं, तसं नाही. दोन्ही कापडं दुकानात जाऊन ताग्यातून कापून आणावी लागतात, आणि तीही एकदमच, कारण महिन्याने गेलात तर लालची तीच छटा मिळेल याची खात्री नाही. म्हणजे काटकसरीचं पुण्य माझ्या पदरात काहीच नाही. मी बारा-तेरा यार्ड कोरं, चांगलं कापड विकत आणलं आणि त्याचे तुकडे केले. फोनवर हे ऐकून आई गप्प झाली. मग म्हणाली, "अख्खंच का नाही पांघरत?"

सुरुवात 2011 च्या मार्चमध्ये झाली. न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यू आर्मरीत अमेरिकन फोक आर्ट म्युझियमने सहा दिवसांचं प्रदर्शन भरवलं होतं. जोआना रोझ या बाईंच्या संग्रहातल्या 651 क्विल्ट, सगळ्या लाल-पांढऱ्या. ऐंशीव्या वाढदिवसाच्या निमित्ताने त्यांनी स्वतःसाठी आणि शहरासाठी ही भेट मागून घेतली होती, म्हणून तिकीट नव्हतं. खरं सांगायचं तर फुकट होतं म्हणूनच मी गेले. त्या भल्यामोठ्या हॉलमध्ये क्विल्ट भिंतीला लावलेल्याच नव्हत्या. छतापासून खाली गोल गोल फेर धरावा तशा हवेत लटकत होत्या. मान दुखेपर्यंत वर बघत राहिले. दोनच रंग, आणि एक दुसरीसारखी नाही. बहुतेकींवर करणारीचं नाव नाही. बाहेर पडताना माझं ठरलं होतं; कात्री हातात घ्यायला मात्र पुढची काही वर्षं गेली.

आता लालच का? एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बायकांकडे याचं रोखठोक उत्तर होतं: हा लाल धुतल्यावर जात नाही. त्याला 'टर्की रेड' म्हणत. मंजिष्ठेच्या जातीच्या एका झाडाच्या मुळांपासून तो काढत आणि रंगवण्याची रीत तुर्कस्तानाकडून युरोपात आली, म्हणून हे नाव. सूत आधी खवट तेलात पुन्हा पुन्हा बुडवायचं, शेणाच्या पाण्यातून काढायचं, तुरटी द्यायची, मग रंग. कधी त्यात बैलाचं रक्तसुद्धा. आठवडेच्या आठवडे हा उद्योग. पण एकदा चढला की उन्हाला, साबणाला, कशालाच दाद देत नसे. कापड महाग पडायचं, तरी त्या ते घेत, कारण शेजारी पांढरं होतं. पुढे 1868 मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्या मुळातलं रंगद्रव्य प्रयोगशाळेत बनवलं आणि लाल स्वस्त होत गेला. मग आणखी स्वस्त, कच्चे लाल आले. त्या क्विल्ट आज बघाल तर विटकरी नाही, गुलाबी नाही, चहा सांडल्यासारख्या दिसतात.

नमुना मी निवडला 'ड्रंकर्ड्‌स पाथ'. दारुड्याची वाट. नवऱ्याने नाव ऐकून जे विनोद करायचे ते केले. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात दारूबंदीसाठी झटणाऱ्या बायकांशी याच नमुन्याचं नाव जोडलं जातं. त्यांच्यात तो निळ्या-पांढऱ्यात व्हायचा, असं सांगतात. मूळ गोष्ट अगदी साधी: चौकोनाच्या एका कोपऱ्यात चतकोर भाकरी. अर्ध्या चौकोनांत लालवर पांढरी चतकोर, अर्ध्यांत पांढऱ्यावर लाल. असे सोळा चौकोन वेगवेगळ्या दिशांना फिरवून जोडले की वाट झोकांड्या खाऊ लागते. माझा चौकोन तीन इंचाचा, सोळांचा मिळून एक फूट, आणि पलंगासाठी असे बेचाळीस. म्हणजे 672 चतकोर. हा गुणाकार मी आधी केला असता तर तुम्हाला प्रश्न विचारायची वेळ आली नसती.

पहिल्यांदा वाटलं, लालमधून कापलेली चतकोर पांढऱ्यात बसवू, पांढरी लालमध्ये, काही वाया जाणार नाही. तसं होत नाही. दोन्ही तुकड्यांना शिवणीसाठी पाव इंच माया सोडावी लागते, त्यामुळे ज्या भोकातून तुकडा निघाला तसल्या भोकात तो बसतच नाही. दोन वेगळे साचे लागतात. शिवाय गोलाई म्हणजे सगळं उरेब, तिरकं कापलेलं कापड, जरा ओढलं की ताणलं जातं. मधोमध एक टाचणी, दोन टोकांना दोन, खोलगट तुकडा वर ठेवायचा आणि मशीन हळू. पहिले वीस-पंचवीस चौकोन चुण्या पडून पुरणपोळीसारखे फुगले. ते उसवले नाहीत, फेकले.

आणि इथेच दोन रंगांचं खरं उत्तर आहे, निदान माझ्यापुरतं. गोधडीत दहा रंग एकमेकांना सांभाळून घेतात. एक पट्टी वाकडी गेली तर शेजारची छापील साडी ते पोटात घालते. लाल आणि पांढऱ्यात कुणी कुणाला सांभाळत नाही. टोक जुळलं नाही तर दारातून दिसतं. शिवणीची माया पांढऱ्याकडे वळवून इस्त्री केली तर लाल आतून सावलीसारखा डोकावतो, म्हणून ती कायम लालकडेच वळवायची. लाल धाग्याचं एक टोक पांढऱ्याखाली राहिलं तर तेसुद्धा दिसतं. मी आयुष्यभर "चालतंय की" म्हणणारी बाई. मला बघायचं होतं की न चालवून घेता मला काय जमतं.

पूर्ण झाल्यावर व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "छान आहे गं. पण लाल आणि पांढरं?" तिच्या लहानपणी वाईच्या घरात तिची आजी होती, केशवपन केलेली, जन्मभर लाल आलवणात, म्हणजे तेव्हा विधवांनी नेसायच्या लुगड्यात. घरातल्या नंतरच्या विधवा पांढरं नेसू लागल्या. आईच्या डोळ्यांत ही जोडी तीच. मी टर्की रेडबद्दल इतकं वाचलं होतं. स्कॉटलंडच्या लेव्हन नदीकाठच्या कारखान्यांतून मोर छापलेलं हे लाल कापड मुंबईच्या बाजारात यायचं हेही वाचलं होतं. आलवण काही डोक्यात आलं नव्हतं. "त्या आलवणाचं पुढे काय व्हायचं?" मी विचारलं. आई म्हणाली, "काय होणार? गोधडीत जायचं. पण आतल्या थरात."

धुण्याची कथा थोडक्यात. लाल कापड आधी धुऊन घ्यायचं असतं; मी घेतलं नव्हतं. पहिल्याच धुण्यात पांढऱ्यावर गुलाबी ढग उतरले. दीडशे वर्षांपूर्वीच्या बाईला जे साधलं ते मला दुकानातल्या नव्या कापडावर साधलं नाही. वाळू न देता लगेच बाथटबमध्ये कढत पाणी भरलं, भांड्यांचा पातळ साबण ओतला आणि क्विल्ट पाण्याखाली पूर्ण दाबून रात्रभर ठेवली. सकाळी पाणी रसनासारखं लाल. असं तीनदा. चौथ्यांदा पाणी पांढरं राहिलं. पायथ्याकडचा एक कोपरा अजून किंचित गुलाबी आहे, तो मी गादीखाली खोचते.

जुन्या काळी बायका नम्रता म्हणून मुद्दाम एक चूक ठेवत, अशी एक दंतकथा इथे सांगतात. मला मुद्दाम ठेवायची गरज पडली नाही. हाताने धावदोरा घालून झाल्यावर, दोन हिवाळे गेल्यावर, दिसलं की एक चतकोर उलट्या दिशेला तोंड करून बसली आहे. खिडकीच्या बाजूने तिसरी रांग. आता पाहुणे विचारतात "दोनच रंग का?" तेव्हा मी आधी त्यांनाच ती शोधायला लावते. सापडेपर्यंत चहा होतो.